ब्लॉकमध्ये तुटून राहिलेला पितळी निपल कसा काढावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिन ब्लॉकला ऑइल प्रेशर गेजची नळी जिथे जोडलेली असते, तिथला पितळी निपल (आटे असलेला छोटा पोकळ जोड) पाना लावताच तुटला. षटकोनी डोकं पान्यात आलं आणि आट्यांचा भाग ब्लॉकच्या पृष्ठभागाशी सपाट होऊन आतच राहिला. एक जण म्हणतो ईझी-आउट (तुटका आटा काढायचं हत्यार) ठोकून फिरवा. दुसरा म्हणतो मोठा ड्रिल मारा आणि नवे आटे पाडा. तिसरा म्हणतो गॅसने लाल करा, आपोआप सुटेल.

तिघांच्याही सांगण्यात थोडंफार तथ्य आहे. पण ते भोक आत कुठे उघडतं, हे तिघांपैकी कुणीच विचारलेलं दिसत नाही. मी सुरुवात तिथूनच करतो.

ऑइल प्रेशरची नळी मुख्य ऑइल गॅलरीला जोडलेली असते. ब्लॉकच्या लांबीभर गेलेल्या या बोगद्यातून मेन बेअरिंग, बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) आणि कॅमशाफ्टला तेल जातं. बहुतेक इंजिनांत ही गॅलरी फिल्टरच्या पुढे असते. म्हणजे पंप, मग फिल्टर, मग गॅलरी, मग बेअरिंग. तुमच्या तुटक्या निपलच्या भोकातून पितळेचा किंवा ब्लॉकच्या बिडाचा (ओतीव लोखंडाचा) एक कण आत पडला, तर तो आणि क्रँकशाफ्ट यांच्यामध्ये कुठलीही गाळणी उरलेली नसते. इंजिन सुरू झालं की पहिल्या काही फेऱ्यांतच तो बेअरिंगमध्ये पोहोचतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. एकदा एक इंजिन माझ्याकडे बिग एंडच्या आवाजासाठी आलं. खोललं तेव्हा बेअरिंगच्या मऊ थरात पिवळे कण रुतलेले होते आणि क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागावर) नखाला लागतील अशा रेघा पडल्या होत्या. विचारल्यावर कळलं की काही आठवड्यांपूर्वी असाच तुटका निपल कुणीतरी दहा मिनिटांत ड्रिल करून काढून दिला होता. निपल छान निघाला होता, आटेही शाबूत होते. क्रँक मात्र ग्राइंडिंगला द्यावा लागला. तेव्हापासून माझ्या लेखी तुकडा काढणं हे अर्धंच काम आहे. आत काही पडू न देणं हे उरलेलं अर्धं, आणि जास्त महत्त्वाचं.

आता कामाकडे. पहिला दिवस हत्यारांचा नाही, बघण्याचा आहे. तारेच्या ब्रशने आणि डिझेलने ती जागा अशी साफ करा की पितळ आणि बीड यांच्यामधली गोल रेघ स्पष्ट दिसेल. भिंग आणि टॉर्च घेऊन भोकाभोवतीचा उंचवटा, ज्याला बॉस म्हणतात, तो नीट तपासा. या निपलचे आटे निमुळते असतात आणि पाचरीसारखे काम करतात. कुणी निपल जास्त आवळला असेल तर बॉसला केसासारखी बारीक चीर गेलेली असू शकते. ती असेल तर आजच कळलेली बरी.

मग हातात आलेला तुकडा पाहा. तुटलेली कडा सगळीकडे चकचकीत पिवळी असेल तर तो आज, पान्याच्या जोराने तुटला. अर्धी कडा काळपट आणि अर्धी ताजी असेल तर चीर जुनी आहे, इंजिनाच्या थरथरीने ती हळूहळू वाढत आली होती. ही खूण लक्षात ठेवा, नवा निपल बसवताना कामी येईल. त्या तुकड्यावर एखाद-दुसरा आटा शिल्लक असेल तर तो जपून ठेवा, आट्यांचं माप त्यावरूनच कळेल.

मापाबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण पुढची बरीच गडबड यातून होते. याला १/८ इंची किंवा एक सुती निपल म्हणतात, पण त्याचा बाहेरचा व्यास १/८ इंच नसतो. पाइपच्या मापात नाव एक आणि व्यास दुसरा. ब्रिटिश पद्धतीच्या १/८ आट्याचा बाहेरचा व्यास सुमारे ९.७ मिमी असतो, इंचाला २८ आटे, आट्याचा कोन ५५ अंश. अमेरिकी पद्धतीच्या १/८ आट्याचा व्यास सुमारे १०.३ मिमी, इंचाला २७ आटे, कोन ६० अंश. निमुळतेपणा दोन्हींचा सारखाच, १६ ला १. २७ आणि २८ हा फरक डोळ्यांना दिसत नाही. चुकीचा निपल एक-दोन फेरे गोडीत जातो, मग घट्ट होतो, आणि माणसाला वाटतं की बसला. खरं तर तेव्हा तो बिडाचे आटे कुरतडत असतो. थ्रेड गेज (आटे जुळवून बघायच्या दातेरी पट्ट्या) असेल तर लावून बघा. नसेल तर त्याच इंजिनावर दुसरीकडे असलेला मूळ प्लग काढून त्याचे आटे तुमच्या तुकड्याच्या आट्यांत बसवून पाहा. दोन्ही एकमेकांत दातासारखे बसले आणि मधून उजेड दिसला नाही, तर जात एकच.

आता गंज सोडवणारं तेल. तयार फवारा चालतो. अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं मिसळूनही उत्तम काम होतं, फक्त वापरण्याआधी ते हलवून घ्यावं, कारण दोन्ही वेगळे होतात. सकाळ-संध्याकाळ त्या गोल रेघेवर दोन थेंब टाका आणि छोट्या हातोडीने पितळेच्या दांड्यावरून बॉसच्या बाजूला हलके ठोके द्या. ठोक्यांनी तेल आत झिरपतं. हे दोन-तीन दिवस चालू द्या. लोक इथेच कंटाळतात. पण वर्षानुवर्षं बसलेला आटा दोन तासांत सोडण्याची घाई केल्यानेच निपल तुटलेला असतो.

उष्णतेचा सल्ला बरोबर आहे, पण लाल करण्याचा नाही. पितळ तापल्यावर बिडापेक्षा सुमारे पावणेदोन पट जास्त फुगतं. म्हणून तापलेलं असताना निपल उलट जास्त आवळलेला असतो, त्या वेळी फिरवायला जाल तर उरलेली धारही खरवडून बसाल. फायदा होतो तो थंड होताना. फुगलेलं पितळ बिडाच्या भिंतीवर दाबलं जातं, किंचित चेपतं, आणि निवताना बिडापेक्षा जास्त आक्रसतं. त्यामुळे गंजाची किंवा सुकलेल्या सीलंटची पकड तुटते. म्हणून तापवा, पूर्ण निवू द्या, मग फिरवा. लोखंडी स्टड (आट्यांचा भरीव दांडा) असेल तर वेगळं. लोखंड आणि बीड जवळपास सारखंच फुगतात, तिथे भोवतालचं बीड पटकन तापवून लगेच फिरवण्यात अर्थ असतो.

तापवण्यासाठी साधा गॅस टॉर्च पुरे. ऑक्सिजनची जोत इथे नको. जुन्या बिडाला एका जागी लाल केलं तर ते तडकतं, आणि पितळातलं जस्त वाफ होऊन उडू लागतं, तो धूर छातीत जाणं वाईट. बॉसच्या भोवती मोठ्या गोलात जोत फिरवत राहा. पाण्याचा थेंब टाकल्यावर तडतडून उडाला की थांबा. पाणी ओतून निववू नका. तापवण्याआधी बॅटरीची तार काढा, जवळची डिझेलची नळी बाजूला करा, फवारलेलं तेल पुसून घ्या (अॅसिटोन लगेच पेट घेतं), आणि आग विझवायचं साधन हाताशी ठेवा. जुन्या ट्रॅक्टरच्या त्या बाजूला नेहमी तेल-मातीचा थर असतो आणि तो पेटतो. निवत असताना, पण मेण वितळेल इतकं गरम असेपर्यंत, गोल रेघेवर मेणबत्ती टेकवली तर मेण वितळून आत ओढलं जातं. मेण आट्यांत वंगणासारखं राहतं. तापवणं, निववणं, मेण लावणं असे दोन-तीन फेरे करावेत.

यानंतर फिरवण्याची पाळी. तुमच्याकडे एक सोय आधीच आहे, निपल पोकळ असतो. मधलं भोक तयार असल्यामुळे सेंटर पंच मारून मध्य शोधायची कटकट नाही आणि ड्रिल तिरका जायची भीती कमी.

ईझी-आउटबद्दल माझं मत स्पष्ट आहे. डाव्या पिळाचा, गाजरासारखा निमुळता ईझी-आउट पितळी निपलमध्ये घालू नये. तो जितका फिरवाल तितका आत घुसतो, आत घुसेल तितकं पितळ बाहेरच्या बाजूला फुगवतो, आणि फुगलेलं पितळ बिडात आणखी आवळतं. तुम्ही एका हाताने सोडवता आणि दुसऱ्या हाताने घट्ट करता. शेवटी तोच तुटतो. तुटलेला ईझी-आउट इतका कडक असतो की साधा ड्रिल त्यावर नुसता घसरतो. माझ्या सुरुवातीच्या काळात मी एकदा हे केलं आहे. कार्बाइडच्या बारीक बरने (फिरत्या कानशीसारख्या टोकाने) तो तुकडा खरवडून काढायला पूर्ण दोन दिवस गेले, मूळ आटे गेले, आणि पुढच्या मापाचा आटा पाडावा लागला. गाडीचा मालक काही बोलला नाही, पण मला ते अजून टोचतं.

त्याऐवजी चौकोनी, सरळ धारेचं काहीतरी वापरा. चौकोनी एक्स्ट्रॅक्टर मिळतो. नसेल तर जुन्या कानशीची मुठीत बसणारी शेपटी घ्या. ती ग्राइंडरवर घासून भोकाला जेमतेम बसेल अशी करा. चारही कोन धारदार हवेत आणि निमुळतेपणा अगदी कमी. घासताना ती निळी पडू देऊ नका, वारंवार पाण्यात बुडवा. हातोडीच्या दोन-तीन हलक्या ठोक्यांनी ती बसवा. तिचे कोन मऊ पितळात चार खाचा पाडून घट्ट धरतात, पण भिंत फारशी फुगवत नाहीत. कानस ठिसूळ असते, म्हणून चष्मा लावल्याशिवाय हात लावू नका. तिच्या बाहेर राहिलेल्या चौकोनी भागावर टॅपचा (आटे पाडायच्या हत्याराचा) दोन मुठींचा हँडल लावा, म्हणजे जोर दोन्ही बाजूंना सारखा पडतो. एका बाजूने पाना लावला की शेपटी वाकडी होते आणि तुटते.

पहिला जोर सोडवण्याच्या दिशेने देऊ नका. आधी किंचित आवळा, अगदी केसभर. मग उलटं. पुन्हा आवळा, पुन्हा उलटं. हाताला एक मऊ 'टक' जाणवेल, तेव्हा समजा की पकड सुटली. तिथून पाव फेरा पुढे, अर्धा पाव मागे, थेंबभर तेल, असं करत आणा. बहुतेक निपल इथेच बाहेर येतात, आणि या रीतीत कीस जवळजवळ पडत नाही. मला ही रीत आवडण्याचं खरं कारण तेच आहे.

नाही आला तरच ड्रिल. त्याआधी भोकात घट्ट ग्रीस ठासा, निपलच्या आतल्या तोंडापलीकडे बोटाच्या पेराएवढा ग्रीसचा बूच व्हायला हवा. त्याच गॅलरीवर दुसरा प्लग असेल तर याहून चांगली युक्ती आहे. तो काढून तिथून कॉम्प्रेसरची हवा अगदी कमी दाबाने सोडा, म्हणजे तुमच्या भोकातून सतत बाहेर झुळूक येत राहील आणि कीस आत जाण्याऐवजी बाहेर उडेल. अर्थात तेव्हा ग्रीसचा बूच नको. चुंबकावर विसंबू नका, पितळ चुंबकाला चिकटत नाही.

पितळात ड्रिलचा स्वभाव बदलतो. नव्या ड्रिलची धार पितळात स्क्रूसारखी शिरते आणि सगळं एकदम आत खेचते. म्हणून तेलाच्या दगडावर ड्रिलच्या दोन्ही कापणाऱ्या कडांचा पुढचा कोन जरा मोडून घ्या, कडेवर एक बारीक सपाट पट्टी दिसेल इतकाच. आता तो खेचणार नाही, खरवडेल. डाव्या पिळाचा ड्रिल मिळाला तर तोच वापरा, मशीन उलट फिरवून. अनेकदा ड्रिल मारता मारताच तुकडा त्याच्याबरोबर फिरून बाहेर येतो. वेग कमी ठेवा, ड्रिलच्या खाचांत ग्रीस भरा, दर काही मिलिमीटरनंतर बाहेर काढून पुसा आणि पुन्हा ग्रीस भरा. खोलीसाठी ड्रिलवर चिकटपट्टी गुंडाळा, कारण पलीकडे गॅलरीची भिंत आहे.

६ मिमीने सुरू करा, मग ७, मग साडेसात, शेवटी ८. १/८ च्या आट्यासाठी ८ च्या पुढे जाऊ नका. आटा निमुळता असल्याने तोंडाशी अजून पितळ भरपूर दिसेल, पण आतल्या टोकाला बिडाचे आटे ८.३ मिमीच्या आसपास सुरू होतात. तोंडाकडे बघून 'अजून जागा आहे' म्हणत साडेआठचा ड्रिल घातला की आतले आटे गेले, आणि तेल धरून ठेवणारे आटे तेच असतात.

आता उरली ती पितळेची पातळ नळी. हॅकसॉच्या पात्याचा तुकडा ग्राइंडरवर अरुंद घासा, टोकाला कापड गुंडाळून हातात धरा, आणि नळीच्या भिंतीत आतून बाहेर अशी लांबीभर एक खाच पाडा. पितळ पिवळं आणि बीड करडं, त्यामुळे खाचेच्या तळाशी करडा ठिपका दिसताच थांबा. मग खाचेच्या कडेवर छोटी छिन्नी किंवा टोकदार आरी टेकवून ती कडा मध्याकडे वळवा. नळी आतल्या आत दुमडते आणि चिमट्याने बाहेर येते. आट्यांत अडकलेली पितळेची तार आरीने उकलून काढायची, एकेक फेरा. यात घाई केली तर ती तुटून आत पडते.

निपल पितळेचा नसून लोखंडाचा असेल तर याहून सोपा रस्ता आहे. तुटक्या तोंडावर नट ठेवून आतून वेल्डिंगने भरायचा आणि निवत आल्यावर पाना लावायचा. बिडाला साधं वेल्डिंग नीट धरत नाही, ते इथे फायद्याचं ठरतं. फक्त वेल्डिंगच्या अर्थिंगची क्लॅम्प त्या बॉसच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जाईल. अल्टरनेटरच्या तारा काढून ठेवा. पितळावर हा प्रयोग करू नका.

तुकडा निघाल्यावर आटे साफ करायला त्याच जातीचा निमुळता टॅप हाताने फिरवा, खाचांत ग्रीस भरून. हे साफ करणं आहे, आटे पाडणं नाही. निमुळता टॅप जितका खोल जाईल तितकं भोक मोठं होतं, मग नवा निपल तळापर्यंत जाऊनही घट्ट होत नाही. विरोध जाणवायला लागला की परत फिरा. आटे खरंच गेले असतील आणि बॉसमध्ये पुरेसं मांस असेल तर १/४ चा आटा पाडून त्यात १/८ ची बुश (आतून-बाहेरून आटे असलेली बाही) बसवता येते. पण १/४ म्हणजे बाहेरून १३ मिमीच्या वर व्यास. भिंत किती उरते ते मोजल्याशिवाय त्याला हात घालू नका.

आता धुणं. ग्रीस काडीला कापड गुंडाळून पुसून काढा, लोंबणारे धागे राहणार नाहीत अशा कापडाने. बाहेरून हवा मारू नका, ती सगळं आत ढकलेल. त्याऐवजी इंजिनाच्याच पंपाला काम करू द्या. बॅटरी जोडा, भोकाखाली स्वच्छ डबा धरा, इंजिन बंद करायचा स्टॉप ओढून धरा म्हणजे इंजिन पेट घेणार नाही, आणि पाच-सहा सेकंद स्टार्टर मारा. गॅलरीतलं तेल उघड्या भोकातून पिचकारीसारखं बाहेर येईल आणि तोंडाशी राहिलेला कीस घेऊन येईल. स्टार्टर मध्ये थंड होऊ द्या आणि असं तीन-चार वेळा करा. दर वेळी डब्यातलं तेल पांढऱ्या कापडातून गाळून बघा. कापडावर एकही पिवळा किंवा चकाकणारा कण येईनासा झाला की थांबा. वाया जाणाऱ्या दोन लिटर तेलाकडे बघून हा टप्पा गाळू नका. ऑइल लेव्हल मात्र परत पूर्ण करा.

नवा निपल बसवताना टेफ्लॉन टेपपेक्षा आट्यांचं द्रव सीलंट बरं. टेपचा सुटलेला धागा गॅलरीत गेला की तो बारीक छिद्रात जाऊन अडकतो. टेपच वापरायची असेल तर पहिला आटा मोकळा ठेवून दुसऱ्यापासून गुंडाळा. नळीऐवजी एका तारेचा इलेक्ट्रिक सेंडर (दाब मोजून गेजला कळवणारा भाग) असेल तर त्याचं अर्थिंग आट्यांतूनच होतं, जाड टेपमुळे काटा चुकीचं दाखवतो. हाताने जाईल तिथपर्यंत बसवा, मग पान्याने साधारण दीड-दोन फेरे. कोपरा असलेला निपल तोंड जुळवण्यासाठी मागे फिरवू नका. निमुळता आटा मागे घेतला की गळतो. जुळत नसेल तर पुढे न्या, नाहीतर काढून पुन्हा सीलंट लावा.

आणि ती जुनी काळपट चीर आठवा. निपल बहुधा थरथरीने मोडतो. एक तर त्याच्या टोकाला जड सेंडर लटकलेला असतो, किंवा गेजची कडक नळी कुठेही क्लॅम्प न करता सरळ डॅशबोर्डपर्यंत नेलेली असते. सेंडर जड असेल तर तो चेसिसला किंवा ब्लॉकच्या एखाद्या बोल्टला पट्टीने बांधा आणि निपलपासून तिथपर्यंत लवचिक होज घ्या. तांब्याची नळी असेल तर निपलजवळ तिचे एक-दोन सैल वेढे ठेवा आणि पुढे क्लॅम्प मारा.

इंजिन सुरू करण्याआधी पुन्हा स्टॉप ओढून काटा वर येईपर्यंत स्टार्टर मारा, म्हणजे बेअरिंगमध्ये तेल पोहोचलेलं असेल. मग सुरू करा, मंद वेगावर दहा मिनिटं चालवा, निपलच्या मुळाशी कोरडं कापड फिरवून ओल येते का बघा. ड्रिल वापरला असेल तर दहा-बारा तास काम झाल्यावर तेल आणि फिल्टर दोन्ही बदला. जुना फिल्टर फेकण्याआधी कापून त्याचा कागद उन्हात उलगडून बघा. बेअरिंगमधून निसटून संपमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) आलेला कण शेवटी त्याच कागदात अडकतो. एखाद-दुसरा पिवळा ठिपका दिसला तर आणखी दहा तासांनी पुन्हा तेल बदला आणि पुन्हा कागद बघा. मूठभर चकाकी दिसली तर ट्रॅक्टर जागेवरच ठेवा, संप उतरवा आणि बिग एंडची एक कॅप खोलून पाहा. तेव्हा फक्त शेल (बेअरिंगच्या अर्धगोल वाट्या) बदलून भागण्याची शक्यता असते.